मामा म्हणतात, ल्युपस लिहूच नको

मावशी, मी नाशिकला असते, वय ३४, एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे. चार वर्षांपूर्वी मला ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. तेव्हा ताप, सांधे, गालांवर लाल चट्टे असं सगळं झालं, बरेच महिने स्टिरॉइड चाललं, आता दीड वर्ष झालं स्टिरॉइड बंद आहे, फक्त हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी चालू आहे. किडनीला काही नाही. मुलगी पाच वर्षांची आहे. आजार निघाला त्यानंतर सहाएक महिन्यांनी मी ऑनलाइन टर्म इन्शुरन्सचा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळतात तो विमा) फॉर्म भरला होता, सगळं खरं लिहिलं होतं, त्यांनी नाही म्हणून सांगितलं. आता मिस्टरांचे मामा, ते वीस वर्षं एजंट आहेत, ते म्हणतात दुसऱ्या कंपनीत टाकू पण आजार लिहायचाच नाही, तीन वर्षं निघाली की कायद्यानेच कोणी विचारू शकत नाही. मिस्टर म्हणतात मामांना त्यातलं कळतं. मला मात्र रात्री झोप लागत नाही. बाकी ३८ लाखांचं होम लोन आहे पण त्याचा इन्शुरन्स बँकेनेच दोन वर्षांपूर्वी लोन देताना माझ्या नावाने काढलाय, त्यामुळे ती काळजी नाही. १२ तारखेला डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे, त्याच्या आत उत्तर दिलंत तर बरं होईल.

---

मावशी म्हटलंस म्हणजे अगं-तुगं करायला मी मोकळी झाले. आधी माझी ओळख सांगते म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. माझी बावीस वर्षं एका विमा कंपनीच्या न्यू बिझनेस खात्यात गेली, आलेले फॉर्म वाचायचे, मेडिकल बघायचं आणि घ्यायचं, जादा प्रीमियम लावून घ्यायचं, पुढे ढकलायचं का सरळ नाही म्हणायचं ते ठरवायचं. आणि चाळिशी ओलांडल्यावर मलाच आमवात निघाला, मेथोट्रेक्सेट सुरू झालं, आणि दुसऱ्या एका कंपनीने माझा फॉर्म वर्षभर पुढे ढकलला. म्हणजे पंगतीत वाढणारीही मीच आणि पान रिकामं राहिलं तीही मीच.

आता मामा. त्यांचं अगदीच चूक नाहीये, अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेत एवढंच. १९३८ चा विमा कायदा आहे, त्यातलं कलम ४५ २०१५ साली बदललं, आणि तेव्हापासून पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की कंपनीला कुठल्याही कारणावरून तिच्यावर बोट ठेवता येत नाही, अगदी फसवणूक झाली असं म्हणूनसुद्धा नाही. एवढं मामांना माहितीये. पुढचं एकतर ते सांगत नाहीयेत किंवा त्यांनी वाचलेलं नाही. ती तीन वर्षं पॉलिसी निघाली, रिस्क सुरू झाली, बंद पडलेली पॉलिसी परत चालू म्हणजे रिव्हाइव्ह केली किंवा रायडर म्हणजे जादा कव्हर जोडलं यातलं जे सगळ्यात शेवटी झालं तिथून मोजतात. म्हणजे समज दोन वर्षं अकरा महिने सुखरूप गेले आणि नेमकं खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो डेबिट बाऊन्स झालं, ग्रेसचे ३० दिवस गेले (महिन्याचा हप्ता असेल तर १५ च), पॉलिसी लॅप्स झाली, मग रिव्हाइव्ह करताना परत तब्येतीचं डिक्लेरेशन द्यायचं, त्यातही परत खोटं लिहायचं, आणि मीटर परत शून्यापासून.

आणि त्याच कलमात अजून एक ओळ आहे ती मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखव असं सांगेन. तीन वर्षांच्या आत काही झालं आणि कंपनीने फसवणूक म्हटलं, आणि पॉलिसीवाली व्यक्तीच हयात नसेल, तर फसवणूक नव्हती हे सिद्ध करायची जबाबदारी वारसांवर येते. मामांवर नाही, मिस्टरांवर. त्यांनी दाखवायचं की माझ्या बायकोला ल्युपस आहे हे तिला माहीतच नव्हतं, आणि कपाटात चार वर्षांची फाईल, दर तीन महिन्यांचे लॅब रिपोर्ट, तुझ्या नावाची औषधांची बिलं, ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये केलेला क्लेम. लवकर आलेल्या क्लेमला तपास लागतोच. आमच्याकडे जे लोक तपासाला जायचे ते हॉस्पिटलचं रेकॉर्ड तर काढायचेच, पण गल्लीतल्या मेडिकलवाल्याशी गप्पा मारून आणि शेजारी चहा पिऊनही माहिती घेऊन यायचे, आणि शेजारी काय, दुःखाच्या घरी आलेल्या माणसाला सगळं सांगतात, बिचारी किती वर्षं आजारी होती वगैरे.

मामा म्हणतील मेडिकल होईल ना, त्यात पास झाली म्हणजे झालं. नाही गं. त्या मेडिकलमध्ये साधारण सीबीसी, साखर, कोलेस्टेरॉल, लिव्हर, किडनी, लघवी, ईसीजी असलं असतं, एएनए, म्हणजे ल्युपसचा संशय आला की करतात ती रक्ताची तपासणी, कोणी करत नाही, आणि आज गोळीवर तुझं सगळं नॉर्मलच येईल. पण त्यांनी तपासलं म्हणून तू सांगायची सुटलीस असं होत नाही. फॉर्मवर सरळ प्रश्न असतो, कुठला आजार आहे का, कुठलं औषध चालू आहे का, आणि हा तर हमखास असतो की यापूर्वी तुमचं प्रपोजल नाकारलं, पुढे ढकललं किंवा जादा प्रीमियमने घेतलं का. तू एका कंपनीला आधीच लिहून दिलंयस की मला ल्युपस आहे. म्हणजे आता एक खोटं लिहून भागणार नाही, तीन-चार लिहावी लागतील, आणि खाली सही तुझी.

सही मामांनी सांगितलं म्हणून केली, फॉर्म त्यांनी भरला होता, हे कोर्टात चालत नाही. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये स्पष्ट म्हटलंय की न वाचता सही केली ही सबब सहसा ऐकली जाणार नाही. २०२० च्या एका केसमध्ये पॉलिसी घेऊन महिन्याभरात माणूस गेला, आधीचा आजार लपवला होता, तिथे कोर्ट कंपनीच्या बाजूने गेलं. कोणी वकील तुला २०१५ चा निकाल दाखवेल, त्यात मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हार्ट अटॅकने झाला म्हणून कोर्टाने पैसे द्यायला लावले होते. खरा आहे तो निकाल. पण त्याच्या भरवशावर पाच वर्षांच्या मुलीचं भवितव्य ठेवावं असं मला तरी वाटत नाही, शिवाय ल्युपस म्हणजे कंबरदुखी नाही, तो किडनीत जातो, हृदयात जातो, त्यामुळे मृत्यूचा आणि आजाराचा संबंध नाही हे म्हणणंच अवघड.

आता तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते वाक्य. "त्यामुळे ती काळजी नाही." अगं तीच खरी काळजी आहे! लोन दोन वर्षांपूर्वीचं, आजार चार वर्षांपूर्वीचा. बँकेने जो इन्शुरन्स लोनसोबत दिला तो ग्रुप पॉलिसीतला असणार, एकरकमी प्रीमियम लोनमध्येच मिळवून टाकलेला, आणि त्या दिवशी तुम्ही दोघांनी ज्या पन्नास-साठ सह्या ठोकल्या त्यात एक कागद गुड हेल्थ डिक्लेरेशनचा होता. त्यावर बारीक अक्षरात असतं की मला कुठलाही गंभीर आजार नाही, मी कुठलंही नियमित औषध घेत नाही. लोन ऑफिसर पेन्सिलने फुल्या मारून देतो, आपण सही करत जातो, त्याचं टार्गेट पूर्ण होतं आणि आपल्याला चावी मिळायची घाई असते. मी नोकरीत असताना अशा किती फाइली बघितल्या, घर गेलं नाही पण क्लेम गेला आणि हप्ता नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एकट्याच्या पगारावर आला.

तेव्हा उद्याच बँकेत जा आणि दोन कागद माग, एक इन्शुरन्सचं सर्टिफिकेट आणि दुसरा तू सही केलेला फॉर्म आणि डिक्लेरेशन. कव्हर नक्की तुझं एकटीचं आहे का दोघांचं, पूर्ण ३८ लाखांचं आहे का दरवर्षी लोनबरोबर कमी होणारं आहे, किती वर्षांचं आहे, हे पण त्यातच कळेल. डिक्लेरेशनमध्ये आजाराचा प्रश्नच नसेल तर सुटलीस. असेल आणि उत्तर "नाही" असं गेलं असेल, तर मी तुझ्या जागी असते तर विमा कंपनीला स्वतः पत्र लिहिलं असतं, की सही करताना हे नजरेतून सुटलं, मला अमुक साली हा आजार निघालाय, सोबत रिपोर्ट. हा सल्ला सोपा नाही हे मला कळतं. ते कव्हर रद्द करून प्रीमियम परत देतील ही शक्यता आहे, जादा पैसे मागतील हीही आहे, आणि मामा तर कपाळावर हात मारतील. पण रद्द झालंच तर ते आत्ता कळेल, तू असताना, आणि तोवर दुसरी सोय करायला वेळ मिळेल. आणि हो, लोनला विमा त्यांच्याकडूनच घ्यायला हवा अशी जबरदस्ती बँकेला करता येत नाही, हे तुला तेव्हा कोणी सांगितलं नसणारच.

आता पॉलिसी मिळेल कशी ते. पहिला नकार मनाला लावून घेऊ नकोस, सहा महिन्यांत फॉर्म भरलास तिथेच चुकलं. नवीन निघालेला ल्युपस, स्टिरॉइड चालू, पुढे काय वळण घेईल ते डॉक्टरांनाही माहीत नाही, अशा वेळी मीही नाहीच म्हटलं असतं. आज तुझी फाईल वेगळी आहे. ल्युपस म्हटलं की अंडररायटर, म्हणजे मी करायचे ते फॉर्म तपासायचं काम करणारा, पहिल्यांदा किडनी बघतो, लघवीतून प्रोटीन जातंय का, क्रिएटिनिन किती, बीपी किती. मग रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या त्या अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी आहेत का, मेंदू, हृदय, फुप्फुस यांना कधी काही झालं का, शेवटचा फ्लेअर म्हणजे आजार उसळला तो कधी, स्टिरॉइड कधी बंद झालं, मधे ॲडमिट झालीस का. यातलं बरंचसं तुझ्या बाजूने आहे असं पत्रावरून दिसतंय. फक्त ते कागदावर यायला हवं, आणि आपल्याकडे घोडं तिथेच अडतं.

म्हणजे काय होतं की आपण रुमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे संधिवात-ल्युपसच्या डॉक्टरांना, म्हणतो सर इन्शुरन्ससाठी लेटर द्या, आणि ते बिचारे ओपीडीत चाळीस पेशंट बसलेले असताना लिहून देतात, पेशंट स्टेबल आहे, फिट फॉर इन्शुरन्स. या पत्राचा काडीचा उपयोग नाही, फिट आहे का नाही ते ठरवणं त्यांचं काम नाही, आणि स्टेबल हा शब्द तर मी इतक्या पत्रांत वाचलाय की नजर थांबतच नाही. पत्रात तारखा आणि आकडे लागतात. निदान कधी आणि कशावरून झालं, कुठल्या अवयवाला लागण झाली आणि कुठल्याला नाही (नाही हे पण लिहायला लाव, किडनी ठीक आहे हे कुठे लिहिलेलंच नसलं तर वाचणारा वाईटच धरून चालतो), स्टिरॉइडचा जास्तीत जास्त डोस किती होता आणि बंद कधी झालं, आजचं औषध आणि डोस, शेवटचा फ्लेअर, पुढची तपासणी किती महिन्यांनी. सोबत गेल्या दोन वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन, सी३, सी४, डीएसडीएनए (ल्युपस किती जोरात आहे ते दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), सीबीसी, आणि डोळ्यांची वार्षिक तपासणी, ती हायड्रॉक्सीक्लोरोक्विनमुळे करतच असशील. डोळ्यांचा रिपोर्ट खरं तर कोणी मागत नाही पण तो फाइलीत असला की कळतं बाई नियमित आहे, आणि या धंद्यात नियमित पेशंटला मान आहे.

फॉर्म मात्र लगेच भरायचा नाही, आणि चार कंपन्यांत एकदम तर मुळीच नाही, कारण एक नकार आला की तो पुढच्या प्रत्येक फॉर्मवर लिहावा लागतो. ज्या एजंटची किंवा ब्रोकरची कंपनीच्या अंडररायटिंगपर्यंत ओळख आहे अशा माणसाला गाठ आणि त्याला म्हण की नाव न टाकता ही फाईल दाखवून अंदाज काढून दे, घेतील का, कितीला घेतील. काही जण करतात हे काम, काही जण उडवून लावतात, उडवून लावणाऱ्याचा नाद सोड. ऑनलाइन फॉर्मच्या नादी आत्ता लागू नकोस, तिथे तुझ्या आजाराला एक चौकोन असतो आणि चौकोनाला तुझी फाईल वाचता येत नाही. आणि कंपनीकडून डॉक्टरांचा फोन किंवा व्हिडिओ कॉल येईल तो रेकॉर्ड होतो, तेव्हा घरात आवाज नसेल अशी वेळ घे आणि समोर प्रिस्क्रिप्शन ठेवून बोल, म्हणजे फॉर्मवर एक आणि फोनवर दुसरंच असं होणार नाही.

मिळेल तर बहुतेक लोडिंग म्हणजे जादा प्रीमियम लावून मिळेल, ते २५, ५०, ७५, १०० टक्के अशा पायऱ्यांनी चढतं. समज साध्या बाईला वर्षाला १२ हजार प्रीमियम येत असेल तर १०० टक्के लोडिंगला तुला २४ हजार. डोळे पांढरे होतील, पण हा दंड नाहीये, आणि एकदा कंपनीने सगळं माहीत असून सही केली की मिस्टरांना उद्या कोणापुढे काही सिद्ध करत बसायचं नाही, मी त्या जादा १२ हजारांकडे तसं बघते. एक कोटीचा हट्ट धरू नकोस, पन्नास लाखांना आणि साठीपर्यंतऐवजी वीस वर्षांच्या मुदतीला लवकर हो म्हणतात, मुलगी तोवर पंचवीसची होईल. क्रिटिकल इलनेसचा रायडर मागून प्रकरण अडकवू नकोस. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ इन्शुरन्सवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढाच हातभार. पॉलिसी आली की तिच्यासोबत तू भरलेल्या फॉर्मची कॉपी येते, ती ओळ न ओळ वाच, तीस दिवसांचा फ्री लुक (पटली नाही तर पॉलिसी परत करायची मुदत) असतो, काही चुकीचं छापलेलं दिसलं तर तेव्हाच कळव. इतकी खटपट करून परत "पुढच्या वर्षी या" असं आलं तर रडू नकोस, पोस्टपोन आणि डिक्लाइन यात फरक आहे, मला स्वतःला वर्षभर थांबूनच मिळाली.

हे सगळं होईपर्यंत जे न विचारता मिळतं ते गोळा कर. पीएफ कापला जातो ना? मग ईडीएलआय, म्हणजे पीएफसोबत आपोआप येणारा विमा, आहेच, नोकरीत असताना काही झालं तर वारसाला अडीच ते सात लाख मिळतात, प्रीमियम कंपनी भरते, मेडिकल नाही काही नाही, आणि निम्म्या लोकांना हे माहीतच नसतं. पीएफच्या साइटवर ई-नॉमिनेशन केलंयस का ते आजच बघ, लग्नाआधीचं आईचं नाव तसंच असेल. बँकेतून जीवनज्योती विमा घे, ४३६ रुपयांत दोन लाख, पन्नासच्या आत नाव घालता येतं, नव्याने नाव घातल्यावर पहिले ३० दिवस अपघात सोडून कव्हर नसतं आणि वर्ष १ जूनला सुरू होतं, मेच्या शेवटी खात्यात पैसे ठेवायचे. एचआरला विचार ऑफिसात ग्रुप टर्म आहे का, त्यात ठराविक रकमेपर्यंत तब्येत विचारत नाहीत. फक्त नोकरी सुटली की ते पण सुटतं, म्हणून नोकरी बदलताना फक्त पगार बघू नकोस, तुझ्यासारखीने हेही विचारून घ्यायचं.

आणि मिस्टरांचं काय? अख्ख्या पत्रात त्यांच्या विम्याबद्दल एक अक्षर नाही. मी पैज लावते, मामांनी त्यांना दोन एंडोमेंट (बचत आणि विमा एकत्र) पॉलिसी विकल्या असणार आणि दोन्ही मिळून कव्हर दहा लाखांच्या आत असणार. ते ठणठणीत आहेत तर एक-दीड कोटीची टर्म पॉलिसी त्यांची आधी, याच महिन्यात. विवाहित स्त्रियांचा १८७४ चा मालमत्ता कायदा आहे, त्याखाली घेतली तर तो पैसा तुझा आणि मुलीचा, त्यांच्या कर्जवाल्यांनाही त्याला हात लावता येत नाही, फॉर्म भरतानाच त्याचा कागद जोडावा लागतो, नंतर जमत नाही. आणि ही पॉलिसी मामांकडूनच घ्या हवं तर. त्यांना कमिशनही मिळेल, घरात वाईटपणाही येणार नाही, आणि माझ्या अनुभवाने तुझा फॉर्म खरा भरून द्यायला ते बरेच मऊ पडतील. नाहीच पडले तर मिस्टरांना एवढंच विचारायला सांग की मामा, क्लेम अडकला तर तुम्ही लोकपालाकडे माझ्यासोबत याल का? विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाचं ऑफिस मुंबईत आहे, पुण्यात आहे, फी लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. तिथे बाहेरच्या बाकावर मी बरीच माणसं बसलेली बघितलीत, एजंट त्यात क्वचित दिसायचा.

बाकी वाचकांपैकी कोणाला हाशिमोटोचा थायरॉइड किंवा कोड असेल तर एवढं घाबरू नका, नीट लिहिलं तर तिथे सहसा अडत नाही. टाइप वन डायबेटिसवाल्यांचं पत्र आलंय, ते मोठं प्रकरण आहे, त्यावर वेगळं लिहीन.

१२ तारखेला डॉक्टरांकडे जाशील तेव्हा पत्रात काय काय हवं ते मोबाइलवर टाइप करून ने आणि रिसेप्शनिस्टकडे आधी दे, तपासून झाल्यावर उभ्या उभ्या मागू नकोस. लेटरहेडवर असू दे, शिक्का असू दे, आणि तारीख घालायला सांग, ती हमखास विसरतात.